काय वाचायलीस गं?

बासरच्या सरस्वती मंदिराच्या मंडपात नात सुनेच्या मांडीवर बसली होती. समोर ताटात तांदूळ पसरलेले, शेजारी कुंकू लावलेली कोरी पाटी. पुजाऱ्यांनी तिचं इवलंसं बोट आपल्या चिमटीत धरलं आणि तांदळातून फिरवलं. बोट तिचं, वळण त्यांचं. ॐ उमटला. मग माझ्या मुलानं तिचा हात हातात घेतला आणि पाटीवर देवनागरीतला ‘श्री’ काढला. तिनं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा बापाच्या हाताकडे. अक्षर नेमकं कुणी काढलं, हे तिला कळत नव्हतं.

आजूबाजूला तीसेक लेकरं असतील. कुणी रडत होतं, कुणी तांदूळ तोंडात घालत होतं. तेलुगू आयांच्या समजुतीत मराठी आयांच्या समजुती मिसळत होत्या. नांदेड, धर्माबाद, देगलूरकडच्या घरांत मूल चार शब्द बोलू लागलं की म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘पाटी पुजायला बासरला कधी नेणार?’ गाव तेलंगणात आहे, पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. पण आमच्या लेखी ते धर्माबादनंतरचं स्टेशन आहे. १९५६पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. सीमा नंतर आली. पाटी पुजायची वाट आधीपासून होती.

देवीच्या मुखावर हळदीचा लेप असतो. त्यातली चिमूटभर जिभेवर ठेवली की बुद्धी येते, असं मानतात. नातीनं हळद थुंकली. मी खाल्ली. या वयातही थोडी वाढली तर हवीच आहे.

या देवीची कथा मला फार आवडते. भारतीय युद्धानंतर मन शांत व्हावं म्हणून व्यास इथं गोदाकाठी आले, रोज स्नान करून नदीतून तीन मुठी वाळू आणत राहिले आणि त्या वाळूतून तीन देवी घडल्या, त्यातली ही सरस्वती. कथा ऐकताना मला दर वेळी महाभारताची सुरुवात आठवते. नैमिषारण्यात सूत येतो. ऋषी त्याला बसायला देतात आणि विचारतात, कुठून आलास? तो सांगतो, जनमेजयाच्या सर्पसत्रातून. तिथं वैशंपायनानं व्यासांचं भारत सांगितलं, ते ऐकून आलो. झालं, सगळे ऋषी त्याच्याभोवती सरसावून बसतात. एवढा अफाट ग्रंथ सुरू होतो तो एका माणसानं दुसऱ्याला ‘मी हे ऐकून आलोय’ असं सांगण्यातून. व्यासांचं भारत व्यासांच्या तोंडून आपल्याला मिळतच नाही. ते हातोहात येतं.

आमच्या घरी ऋषींसारखा प्रश्न आत्या विचारायची. दारातून आत पाऊल टाकलं की पाणी, गूळ आणि ‘काय वाचायलीस गं?’ कशी आहेस, किती मार्क पडले, हे सगळं नंतर. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. आजोबा चातुर्मासात पोथी वाचायचे तेव्हा ती शेजारी बसून त्यांच्या बोटामागून डोळे फिरवायची, तेवढीच तिची पुढची शाळा. पुढं तिनं गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी स्वतःच्या दुधाच्या पैशांतून भरली. पुस्तक बदलायला मला पाठवायची. ग्रंथपाल काका रजिस्टर उघडायच्या आधी मला विचारत, ‘आत्याला मागचं आवडलं का?’ मी ‘हो’ म्हणाले तर एका कपाटाकडे जात, ‘नाही’ म्हणाले तर दुसऱ्या. ती दोघं एकमेकांशी पाच मिनिटंसुद्धा कधी बोलली नसतील. पण त्यांच्यात एक लांबलचक संभाषण चाललं होतं आणि मी सातआठ वर्षं त्यांचा निरोप्या होते. निरोप नेता नेता वाटेतल्या पिंपळाखाली बसून मीही वाचू लागले.

आत्याची स्वतःची पुस्तकं पंधरा-वीसच. प्रत्येकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली. अक्षर ज्याचं त्याचं. काहींचं सुबक, काहींचं ऊ आणि उ मध्ये अडखळलेलं. पुस्तक परत आलं की आत्या आधी ते पान बघायची. ‘नुसतं ठेवून घेतलं होतं वाटतं,’ म्हणायची, आणि ते खरंच तसं असायचं. पुस्तक सुचवण्याबद्दल तिचं एक मत पक्कं होतं: माणसाला काय हवं ते बघून द्यायचं, आपल्याला काय आवडलं ते बघून नाही. नव्यानं विधवा झालेल्या शेजारणीला तिनं रडवणारी कादंबरी दिली नाही, प्रवासवर्णन दिलं. ती बाई आयुष्यात निजामाबादच्या पुढं गेली नव्हती. महिनाभर ती हिमालयाबद्दलच बोलत होती.

मोठेपणी भंडारू अच्चमांबांबद्दल वाचलं तेव्हा मला आत्याच आठवली. कृष्णा जिल्ह्यात १८७४ साली जन्मलेली, लहानपणीच लग्न झालेली, शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. नवऱ्याच्या नोकरीमुळं मध्य प्रांतात आली. धाकटा भाऊ लक्ष्मणराव शिकायला तिच्याकडे येऊन राहिला. तो शिकत होता आणि त्याच्याबरोबर घरी ती शिकत होती. तेलुगू, हिंदी, मग मराठी आणि आणखीही भाषा. त्या दोघांमधला दिवा मला डोळ्यांपुढं दिसतो, एका बाजूला अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला चूल आवरून आलेली बहीण. तिनं पुढं तेलुगूत स्त्रियांची चरित्रं लिहिली, कथा लिहिल्या. आणि कोमर्राजू लक्ष्मणराव नागपुरात मराठीत मुरले, मोरोपंतांचा अभ्यास केला, मराठी नियतकालिकांत लिहीत राहिले. त्यांनीच १९०१ साली इतरांच्या साथीनं हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय उभं केलं. उर्दूच्या राजवटीत तेलुगू पुस्तकं एकमेकांच्या हाती पोचावीत म्हणून. पुढं तेलंगणात ग्रंथालयांची चळवळच झाली. ती सुरू करणाऱ्यांतल्या एका माणसाला मराठी वाचायची सवय होती, ही गोष्ट मी भेटेल त्या मराठी माणसाला सांगते. आपण शेजाऱ्यांचं इतकं कमी वाचतो याचं मला मनापासून दुःख आहे.

आणि असेच वाचणारे आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर. शिकायला हैदराबादला मामांकडे होते. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. भाचा इंटरच्या परीक्षेत नापास होत राहिला, पण वाचत राहिला. निजामाबादमार्गे नांदेडला येणारी गाडी बासरवरूनच जाते, आणि या स्टेशनात थांबले की मला नेहमी वाटतं, तेही कधीतरी इथं खिडकीशी पुस्तक घेऊन बसले असतील. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे. मी ती कादंबरीच्या आधी दोनदा वाचली. कुणीतरी आपला हात धरून कादंबरीच्या दारापर्यंत नेतंय, वाटेत शंभर गोष्टी दाखवतंय आणि दारात मात्र बाजूला होऊन ‘आता तू जा’ म्हणतंय, असं वाटलं होतं. चांगली शिफारस मला तशी वाटते. दारात ती बाजूला होते.

संध्याकाळी स्टेशनवर आलो. नात मुलाच्या खांद्यावर झोपलेली, पाटी सुनेच्या पिशवीत. आमची गाडी यायला अवकाश होता. मी बाकावर आत्याच्या पंधरा-वीसांतला एक कथासंग्रह काढला. पाठपुठ्ठा दोऱ्यानं शिवलेला. शेजारी पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी येऊन बसली. बासरला २००८ पासून तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ आहे, दहावीनंतर थेट सहा वर्षांसाठी तिथं मुलं येतात. तिथलीच असावी. थोडा वेळ ती फोनकडे बघत होती, मग माझ्या पुस्तकाकडे.

‘काय वाचायलाव, काकू?’

मी चमकलेच. किती वर्षांनी हा प्रश्न या सुरात ऐकत होते. घर आदिलाबादकडचं, म्हणाली. घरी मराठी, शाळा तेलुगू, आता सगळं इंग्रजी. मराठी वाचता येतं, पण हळू. आजी पोथी वाचते, तिच्याकडून आलं.

‘आजीच्या बोटामागून?’

ती हसली. तिच्या डोळ्यांवर झोप होती, परीक्षा संपवून निघाली होती. मी आत्यासारखं तिच्याकडे बघितलं. हिला काय हवं असेल? लहान कथा. गावातल्या माणसांच्या. मोठ्या टायपातल्या. माझ्या मांडीवर होतंच ते. माझं अर्धं व्हायचं होतं आणि आत्याच्या हाताची ती शिवण मला सोडवत नव्हती, हे खरं आहे. मी ते तिच्या हातात दिलं.

तिनं उलटंपालटं करून पाहिलं, शेवटच्या पानाशी थांबली. नावं वाचत गेली, बोट ठेवून, हळूहळू. एकवीस नावं. शेवटून दुसरं माझं, सातवीतल्या अक्षरातलं.

‘हे काय आहे?’

मी सांगितलं. निजामाबादकडे जाणारी गाडी फलाटात शिरत होती. तिनं घाईनं सॅकमधून पेन काढलं.

‘आत्ता नको,’ मी म्हणाले. ‘वाचून झाल्यावर. आणि पेनानं नको.’

माझ्याजवळची पेन्सिल मी पुस्तकात घातली. ती डब्यात चढली, खिडकीपाशी जागा मिळाली तिला. गाडी गोदावरीच्या पुलाकडे निघाली तेव्हा तिची मान खाली होती.