गोठलेला नळ

वकिली करणाऱ्या माणसाला कोणतेही घर प्रथम कागदावर दिसते. चतुःसीमा काय, खरेदीखत कोणत्या साली नोंदले, वारस किती, बोजा आहे की नाही, एवढे कळले म्हणजे घर कळले, अशी आमची वीस वर्षांची समजूत होती. बेळगावच्या कोर्टात ती कधी ढळली नाही. ती ढळली सातासमुद्रांपलीकडे शिकागोस, एका तळघरात, आणि तीही नळकाम करणाऱ्या एका कारागिराच्या हातून.

आमचे भावोजी २०१८ साली वारले. ताई त्या शहरात तीस वर्षे राहिलेली. मुलगा दूरच्या गावी नोकरीस. एकट्या बाईने एवढे जुने घर सांभाळावे कसे, की ते विकून मोकळे व्हावे, याचा विचार करण्यासाठी तिने आम्हांस बोलावून घेतले, आणि २०१९ च्या जानेवारीत आम्ही तेथे जाऊन पोहोचलो. घर विटांचे, १९२० नंतरच्या चारदोन वर्षांत बांधलेले. या धाटणीच्या घरांना तेथे ‘बंगलो’ म्हणतात. १९१० ते १९४० या काळात अशी सुमारे ८०,००० घरे त्या शहरात उभी राहिली. आपल्याकडचा ‘बंगला’ हा शब्द इतक्या दूर आणि इतक्या थंडीत भेटावा, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. परंतु नाव तेवढे आपले. बाकी सर्व त्या हवेचे. जमिनीखाली तळघर, तळघरात बॉयलर, आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली सुस्कारे टाकणारा लोखंडी रेडिएटर.

आम्ही दोन दिवस कागदपत्रे वाचली आणि मत दिले की, घर विकावे. ताईने ते ऐकून घेतले. ती होय म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही.

३० जानेवारीस त्या शहराचा पारा शून्याखाली ३० अंश सेल्सिअसवर उतरला. सकाळी स्वयंपाकघरातील नळ सोडावा तो थेंब नाही. न्हाणीघरातील नळ मात्र वाहता. आमची बुद्धी बेळगावची. नळाला पाणी आले नाही म्हणजे ते वरून सोडलेच नसेल, आणि दोष असेल तर रात्री घागरी भरून न ठेवणाऱ्याचा, एवढेच आम्हांस ठाऊक. नळीतले पाणी नळीतच दगड होऊन बसले आहे, हे ध्यानी आल्यावर आम्ही तिच्यावर उकळते पाणी ओतण्याची सूचना केली. ताई म्हणाली, “अरे, हात लावू नकोस कशाला. ह्यांचा एक ठरलेला माणूस आहे, त्याला बोलावते.” तत्पूर्वी तिने एका मोठ्या कंपनीस फोन केला होता, तेथून चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. हा ठरलेला माणूस त्याच वस्तीत राहणारा. दिवसभर इतरांची घरे करून तो रात्री नऊ वाजता आमच्या दारात उभा राहिला.

वय साठीच्या घरातले. त्याने नळाकडे ढुंकूनही पाहिले नाही. सरळ तळघराच्या जिन्याकडे वळला. भावोजी गेल्यापासून ताई त्या जिन्याने उतरली नव्हती, हे आम्हांस तेव्हाच कळले. ती वरच्या पायरीवर उभी राहिली, आणि आम्ही त्या माणसामागून खाली गेलो.

छताखालून नळ्यांचे जाळे गेलेले. ठिकठिकाणी दोऱ्याने पुठ्ठ्याचे तुकडे बांधलेले, आणि त्यांवर भावोजींचे ठसठशीत मराठी अक्षर. ‘मुख्य कॉक. उजवीकडे फिरवून बंद.’ ‘बागेचा नळ. दिवाळीनंतर बंद करणे, रामनवमीनंतर उघडणे.’ ‘स्वयंपाकघराची नळी. गारठ्यात हिच्यावर लक्ष.’ आम्ही मोठ्याने वाचू लागलो, तशी ताई एकेक पायरी उतरत खाली आली. त्या कारागिराला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. पण प्रत्येक पुठ्ठा कशाचा हे तो न पाहता सांगत होता. कारण ते बांधले तेव्हा दिवा धरून तोच शेजारी उभा होता.

त्याने आधी मुख्य कॉक बंद केला. गोठलेली नळी फुटली असेल तर ते तत्क्षणी कळत नाही. बर्फ वितळला की मग कळते, आणि तोवर कॉक उघडा असेल तर घराचे तळे होते. नंतर वर येऊन त्याने नळ उघडा ठेवला, सिंकखालच्या कपाटाची दारे सताड उघडली, आणि गरम हवेच्या यंत्राने नळाच्या बाजूपासून हळूहळू मागे मागे नळी तापवीत नेली. आगीची ज्योत अशा वेळी वापरू नये. जुन्या भिंतीतले वाळलेले लाकूड आतल्या आत पेट घेते. अर्ध्या तासाने पाणी ठिबकू लागले आणि चीर दिसली, ती बर्फ होता तेथे नव्हे, तर हातभर अलीकडे, नळाजवळच्या वळणावर. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. फुगणारा बर्फ पुढचे पाणी बंद नळाकडे रेटतो, आणि त्या कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने नळी फाटते. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने वाहता ठेवतात. दाबाला वाट मिळते. आमच्यासारख्या माणसाला हे लगेच पटले. घरातील भांडणेही पुष्कळदा गोठलेल्या ठिकाणी फुटत नाहीत, जवळच्या वळणावर फुटतात.

तांब्याचा नवा तुकडा जोडून झाल्यावर त्याने ताईला आणखी एक वस्तू दाखविली. रस्त्याकडून भिंतीतून आत येणारी मुख्य नळी करड्या रंगाची होती. नाण्याने खरवडताच ती रुप्यासारखी चकाकली. लोहचुंबक तिला चिकटेना. ते शिसे. शिसे अल्प प्रमाणातही, विशेषतः मुलांना, अपायकारक असते. शिकागोत अशा नळ्या सुमारे ४ लाख आहेत असा अंदाज आहे. अमेरिकेच्या कोणत्याही शहरात इतक्या नाहीत. याचे कारण ऐकून आम्ही चकित झालो. १९८६ साली केंद्र सरकारने बंदी घालीपर्यंत त्या शहराच्या नियमांनीच शिशाची नळी सक्तीची केली होती! कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, असे आम्ही पक्षकारांना आजवर बजावीत आलो. परंतु कायद्याच्याच अज्ञानाची सबब कोणी कोणापुढे मांडावी? ‘प्लंबर’ हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरूनच निघाला. जी धातू कारागिराला नाव देऊन गेली, तीच काढून टाकण्याचे काम आता त्याच्या वाट्यास आले आहे.

चहा घेताना त्याने सांगितले की, इलिनॉय राज्यात परवान्याच्या परीक्षेस बसण्यापूर्वी किमान ४ वर्षे उमेदवारी करावी लागते. आमच्या सनदेची आठवण होऊन आम्ही अंमळ ओशाळलो. आम्ही घराची मालकी सांगत होतो. हा घराची प्रकृती सांगत होता. रस्त्याकडून शिसे, भिंतीत आतून गंजून अरुंद झालेले लोखंड, पुढे तांबे, अशा घराच्या तीन पिढ्या त्याच्या बोटांना ठाऊक होत्या. आमच्या दोन दिवसांच्या वाचनात यातील एक ओळ नव्हती.

तो गेल्यावर ताई पुन्हा खाली गेली. आम्हांस वाटले, रडायला गेली असेल. बऱ्याच वेळाने वर आली, तेव्हा तिच्या हाती दोरा आणि कात्री होती. प्रत्येक मराठी पुठ्ठ्याखाली तिने इंग्रजीत लिहिलेला दुसरा पुठ्ठा बांधला होता. म्हणाली, “आज ना उद्या घर दुसऱ्याचे होईल. त्याला वाचता यायला हवे ना?” आम्ही आमचे मत तेथेच परत घेतले. घर केव्हा विकायचे हे ठरविण्याचा अधिकार कागद वाचणाऱ्याचा नव्हता. कॉक कोठे आहे हे आता जिला ठाऊक झाले होते, तिचा होता. पुढच्याच उन्हाळ्यात तिने शिशाची नळी बदलून घेतली. खर्च बराच आला, पण तिने तो आम्हांस विचारून केला नाही.

बेळगावास परतल्यावर वडिलोपार्जित घराच्या नळाचा मुख्य कॉक कोठे आहे, असे आम्ही घरात विचारले. कोणासही सांगता येईना. अखेर वडिलांच्या वेळच्या म्हाताऱ्या नळवाल्यास बोलावून आणले. त्याने परसातील तुळशीवृंदावनामागची एक फरशी काठीने ठोकून दाखविली. फरशी उचलली, कॉक सापडला, आणि आम्ही त्यास पुठ्ठा बांधला.

वाचकांपैकी अनेकांची लेकरे आज थंड मुलुखात, जुन्या घरांतून नांदत आहेत. त्यांना पत्र लिहाल तेव्हा क्षेमकुशलाबरोबर एवढे अवश्य विचारा: मुख्य कॉक कोठे आहे, आणि रात्री नऊ वाजता येणारा माणूस कोण?