माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा हिशेब

घड्याळ म्हटलं की आपल्याकडे आधी पक्ष आठवतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, ही पोस्ट कुठल्या चिन्हाची नाही, माझ्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाची आहे. जरा मोठी झालीय, सवडीने वाचा.

गेल्या आठवड्यात गावातल्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो फिरला. मी सभागृहात वही घेऊन बसलोय आणि हातातल्या घड्याळाभोवती लाल गोल काढलाय. खाली मजकूर : "घड्याळ पाच लाखांचं, मानधन बावीस हजार. पत्रकार साहेबांना कोणत्या ठेकेदाराने दिलं?" हे कोणी टाकलं ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न चुकीचा नाही. वीस वर्षं मी हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आलोय. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

घड्याळ ओमेगाचं आहे, स्पीडमास्टर. माझ्या मामाने १९९८ साली सिंगापुरात घेतलं. मामा बोटीवर इंजिनिअर होता. बोटीवरच्या माणसाचा पगार आणि शौक दोन्ही मोठे, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. दुकानाचं बिल आणि मुंबई विमानतळावर ड्युटी भरल्याची पावती त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. २०१८ मध्ये त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. या घड्याळात सेल नसतो, रोज चावी द्यावी लागते. ती त्याला जमेना. मला बोलावून म्हणाला, "माझ्या पोरांना मोबाइल पुरतो. तू बापाचं एचएमटी रोज चावी देऊन घालतोस, तुला सवय आहे. घेऊन जा. फक्त कपाटात ठेवू नकोस." मामाने दिलेली वस्तू आयकर कायद्यातही नातेवाइकाची भेटच ठरते, तेही विचारून घेतलंय.

आता आठ वर्षं वापरल्यावर कसं वाटतं ते सांगतो, कारण तेही बरेच जण विचारतात.

पहिली गोष्ट, वेळ दाखवण्यात ते दोनशे रुपयांच्या घड्याळाच्या मागे आहे. दिवसाला काही सेकंद इकडे-तिकडे होतात. तारीख नाही. पूर्ण चावी दिली की साधारण दोन दिवस चालतं, विसरलात तर बंद. वरची काच म्हणजे प्लास्टिकचा प्रकार आहे, गाडीच्या हँडलला घासली तरी ओरखडा उठतो. टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने चोळलं की बारीक ओरखडे जातात, हा तिचा गुण. कोकणातल्या पावसाचं मला भय वाटतं. कागदावर ते पाणी सोसतं, पण जुन्या रबरी वायसरांवर किती भरवसा ठेवायचा? म्हणून जून ते सप्टेंबर मी रबरी पट्ट्याचं स्वस्त डिजिटल घालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खर्च. बाजारपेठेतले आमचे घड्याळजी हात लावेनात. मागचं झाकण बघून म्हणाले, "उघडीन मी, पण काही झालं तर तुम्हाला परवडणार नाही आणि मलाही." मुंबईला पाठवलं, पूर्ण सफाई आणि तेलपाणी करून एकसष्ट हजारांचं बिल आलं. ते मी सहा हप्त्यांत फेडलं. फुकट मिळालेली महाग वस्तू फुकट राहत नाही, हे तेव्हा कळलं.

तिसरी गोष्ट मात्र मी मामाला अजून फोनवर सांगतो. हे क्रोनोग्राफ आहे, म्हणजे घड्याळातच स्टॉपवॉच. उजवीकडचं वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की शून्यावर. छोट्या तबकड्यांत मिनिटं आणि तास मोजले जातात. अमेरिकेच्या नासाने १९६५ मध्ये अंतराळवीरांसाठी हेच घड्याळ पसंत केलं होतं. १९७० मध्ये अपोलो १३ चं यान बिघडलं, तेव्हा परतीच्या वाटेवर इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं, ते सेकंद याच घड्याळावर मोजले.

आमच्या गावात त्यावर नळाचं पाणी मोजलं जातं. आमच्या आळीत रोज पाऊण तास पाणी येतं असं सभागृहात सांगितलं गेलं. मी सात दिवस नळाशी उभा राहिलो. पहिला थेंब पडला की बटण, धार गेली की बटण. एकही दिवस बावीस मिनिटांच्या वर गेला नाही. सात दिवसांचा तक्ता छापला. पंधरा दिवसांत व्हॉल्व्हची वेळ बदलली.

मग सभा मोजायला लागलो. मधली काही वर्षं निवडणुकाच नव्हत्या, प्रशासक होता. मोजायला सभाच नव्हत्या. आता सभागृह भरलंय. परवाच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर तेवीस विषय होते. 'मंजूर, मंजूर' करत सगळे संपले तेव्हा काटा नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर होता. एका विषयाला सरासरी पंचवीस सेकंद. त्यातले सहा विषय कामांच्या निविदांचे होते. मी एवढंच छापलं, शेरा मारला नाही. दुसऱ्या दिवशी लाल गोलवाला फोटो आला.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवस घड्याळ काढून ठेवलं. पण मग वाटलं, काढून ठेवलं म्हणजे संशय खरा ठरला. आणि घड्याळावरून प्रश्न विचारणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. २०१६ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या हातातल्या महागड्या घड्याळावरून केवढा गदारोळ झाला होता. मित्राने भेट दिलं, असं त्यांनी सांगितलं. शेवटी ते विधानसभा अध्यक्षांकडे सोपवून सरकारजमा करावं लागलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातल्या एका निवडणूक खटल्यात सांगितलं की उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू शपथपत्रात लिहायची गरज नाही, पण ती मोठ्या किमतीची असेल, चैनीचं राहणीमान दाखवणारी असेल, तर लिहायला हवी. उदाहरण कसलं दिलं? घड्याळांचंच. साधं घड्याळ लिहायचं राहिलं तर बिघडत नाही, घरात कित्येक महागडी घड्याळं असतील तर लपवता येणार नाहीत.

हा नियम उमेदवारांसाठी आहे. पत्रकाराला शपथपत्र द्यावं लागत नाही. तालुक्याचा वार्ताहर कशावर जगतो हे वाचकाला कुठे कळतं? तर सांगतो. मानधन बावीस हजार, आणि आणलेल्या जाहिरातींवर पंधरा टक्के कमिशन. जाहिराती कोणाच्या? वाढदिवसाच्या, दिवाळीच्या, उद्घाटनाच्या. म्हणजे ज्यांच्यावर बातमी करायची त्यांच्याच.

फोटो बघून माझी बायको एक वाक्य बोलली, ते इथे लिहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. म्हणाली, "हातातलं विचारतायत. भिंतीवरचं कोणी विचारत नाही."

आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर भिंतीवर एक घड्याळ होतं. २०११ साली एका ठेकेदाराच्या ऑफिसचं उद्घाटन होतं, तिथे सगळ्या पत्रकारांना वाटलेलं. किंमत तीनशे रुपये असेल. तबकडीवर त्याच्या फर्मचं नाव. दोन वर्षांनी त्याच फर्मने बांधलेला साकव पहिल्याच पावसात वाहून गेला. वाडीतल्या लोकांनी मला बोलावलं, तुटकं काँक्रीट हातात घेऊन दाखवलं. बोटांनी चुरा होत होता. मी बातमी दिली, "अतिवृष्टीने साकव वाहून गेला." ठेकेदाराचं नाव दिलं नाही, चुऱ्याबद्दल लिहिलं नाही. मला कोणाचा फोन आला नव्हता. कोणी धमकावलं नव्हतं, पाकीटही दिलं नव्हतं. दिवाळीला त्याची पानभर जाहिरात यायची आणि रोज सकाळी चहा पिताना मी त्याच्या नावाकडे बघून वेळ बघायचो, एवढंच. त्या वाडीतल्या पोरांना पुढचे दोन पावसाळे शाळेत जायला लांबचा वळसा पडला.

म्हणजे ज्या घड्याळावर लाल गोल काढला त्याची पावती माझ्याकडे आहे. ज्याची पावती नाही ते तीनशे रुपयांचं होतं, आणि त्याची किंमत त्या पोरांनी चालून भरली. त्या वाडीची मी माफी मागतो. तेरा वर्षं उशीर झालाय, कबूल आहे.

भिंतीवरचं घड्याळ रविवारी उतरवलं. मामाचं बिल आणि ड्युटीची पावती यांच्या झेरॉक्स माझ्या ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवल्यात. कोणीही येऊन वाचा, चहा माझ्याकडून. ज्यांनी फोटो टाकला त्यांनीही यावं, आपल्या शपथपत्राची प्रत बरोबर आणली तर दोन्ही शेजारी ठेवून वाचू. यापुढे कार्यक्रमात मिळालेली कुठलीही वस्तू घरी नेणार नाही. जाहिरात ज्याची असेल त्याच्याविरुद्ध बातमी असेल तर त्याच बातमीत तसं लिहीन. संपादकांशी बोललोय, ते हो म्हणालेत. किती दिवस हो म्हणतील ते बघू.

पुढची सर्वसाधारण सभा याच महिन्यात आहे. मी जाणार आहे, घड्याळ घालून.