लॅमिंग्टन रोडचा फंडा : आधी आठ मिनिटं थांबा!

मुंबईत शॉपिंग म्हणजे मॉल नाहीतर कुलाबा कॉजवे, असं वाटत असेल तर बॉस, एकदा ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा. थोडं चाललात की लॅमिंग्टन रोड! कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन टॅक्सीवाल्यांच्या तोंडून अजून गेलेला नाही. १९७५ मध्ये ‘शोले’ लागला ते मिनर्व्हा थिएटर याच रस्त्यावर होतं. आता ते नाही. आता आहेत सीसीटीव्ही, केबल आणि एलईडीची दुकानं. आणि त्यांच्यामध्ये दबलेले, भिंतभर छोट्या ड्रॉवरचे काउंटर. घरी ऑडिओ बनवणाऱ्या मंडळींची पंढरी हीच!

माझी गरज साधी होती. रात्री लिहिताना हेडफोन लागतो आणि लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणाऱ्या डॅकमध्ये बारीक घरघर यायची. मित्राने सल्ला दिला, डॅकला वेगळा सप्लाय बनव, त्यात सुपरकपॅसिटर टाक. मास कॉमच्या पोरीला एवढं पुरे होतं. काउंटरवर ऑर्डर दिली : २.७ व्होल्ट, १०० फॅरड, दोन नग.

काकांनी ड्रॉवर उघडलाच नाही. म्हणाले, “चार्ज कशाने करणार?”

“एलएम३१७ने.”

“एक की दोन?”

इथे खरी गंमत आहे. दोन सुपरकॅप सिरीजमध्ये जोडले की ५.४ व्होल्टची मर्यादा आणि ५० फॅरड मिळतात. सप्लायमधल्या नेहमीच्या ४७०० मायक्रोफॅरडवाल्याच्या दहा हजारपट! पण रिकामा सुपरकॅप रेग्युलेटरला चक्क शॉर्ट सर्किटसारखा दिसतो. बिचारा सगळा करंट ओतायला जातो, तापतो, स्वतःला बंद करतो, थंड होतो, पुन्हा सुरू होतो. म्हणून एलएम३१७ दोन लागतात. पहिला फक्त करंट आवरतो : त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये कायम १.२५ व्होल्ट असतात, तिथे २.४ ओहमचा रेझिस्टर लावला की जवळपास अर्धा अँपिअर. दुसरा व्होल्टेज ५ वर धरतो. पुढे एक शॉट्की डायोड, म्हणजे लाइट गेल्यावर सुपरकॅप उलटा रेग्युलेटरमध्ये रिकामा होत नाही. दोन्ही सेलवर सारखेच रेझिस्टर, म्हणजे एकावरच जास्त व्होल्टेज चढत नाही.

५० गुणिले ५, भागिले ०.५२ : साधारण ८ मिनिटं. तोवर डॅक बंद! १२ व्होल्ट इनपुट असेल तर सुरुवातीला ६ वॅटच्या आसपास नुसती उष्णता, म्हणून हीटसिंक मस्ट.

एवढं समजावून काकांनी पुडी बांधली, तीसुद्धा बिनसुपरकॅपची! “आधी यांच्याशिवाय ऐक. घरघर गेली तर पैसे वाचले.”

मित्राच्या घरी सप्लाय जोडला. घरघर गेली. ती लॅपटॉपच्या पॉवरची होती, वेगळा ट्रान्सफॉर्मर आल्यावर संपली. पुढच्या शनिवारी तरीही सुपरकॅप आणले. आवाज आणखी स्वच्छ झाला का? शपथेवर सांगणार नाही. रेग्युलेटर मेन्सची बरीचशी थरथर आधीच पुसतो, आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सीच्या कचऱ्यासाठी शेजारी छोटा सिरॅमिक कपॅसिटर लागतोच. पण परवा आमच्या चाळीतली लाइट गेली, अंधारात लॅपटॉप बॅटरीवर आला आणि डॅक तब्बल मिनिटभर वाजत राहिला. सॉलिड!

एक मात्र लक्षात ठेवा. या दोन डब्यांत ६०० ज्यूल साठलेले असतात आणि ते एका क्षणात बाहेर यायला तयार असतात. उघडण्याआधी मोठ्या रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरने तपासा, बोटातली अंगठी काढून ठेवा.

हे सगळे पार्ट्स आज ऑनलाइन घरपोच मिळतात. “एक की दोन?” हा प्रश्न मात्र कुठल्याच पार्सलमध्ये येत नाही. तो हवा असेल तर शनिवारी जा. रविवारी बहुतेक शटर खाली असतात. आणि हो, घाईत नको. काकांना चहा येईपर्यंत बोलू द्या.