सावकाश

मोटारसायकल विकत घेणाऱ्यास दुकानदार दोन आकडे अगत्याने सांगतो : ती जास्तीत जास्त किती वेगाने पळते आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते. तिसरा आकडा तो सांगत नाही, आणि सांगू म्हटले तरी त्याला सांगता यावयाचा नाही. दिवसभराच्या प्रवासात कोणत्या वेगाने चालले असता यंत्र कुरकुरत नाही, अंग आंबत नाही आणि मन धास्तावत नाही, हा तो आकडा. गायकाला जशी आपली पट्टी सापडावी लागते, तशी स्वाराला आपली चाल सापडावी लागते. उसन्या पट्टीत गाणाऱ्याची मैफल पहिल्या तासातच बसते. उसन्या वेगाने जाणाऱ्याचे त्याहून वाईट होऊ शकते.

नोकरीनिमित्त आमचा मुक्काम भोपाळला आणि घर नागपूरला. मधला रस्ता सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा. नर्मदा ओलांडावी, इटारसी मागे टाकावी, बरेठ्याच्या घाटाने सातपुडा चढून बैतुलास यावे, मुलताईला तापीच्या उगमाकडे पाहून हात जोडावेत. पांढुर्ण्याच्या आसपास संत्र्यांच्या बागा दिसू लागतात आणि चहाच्या टपरीवर मराठी कानी पडते. परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांची रजा मोजकी. रस्त्यावरची प्रत्येक घटका त्या रजेतूनच कापली जात आहे असे वाटते आणि उजवी मूठ आपोआप पिळली जाते. म्हणूनच वेगाचा प्रश्न आपल्याला इतरांहून अधिक जवळचा आहे.

आमच्यापाशी पूर्वी जुन्या घडणीची साडेतीनशे सीसीची बुलेट होती. तिला एकच दट्ट्या. त्याची धाव ९० मिलिमीटरची. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेऊ लागले की हा दट्ट्या तेवढ्या वेळात ८,००० वेळा थांबून उलट फिरतो आणि सरासरीने सेकंदाला १२ मीटर इतक्या वेगाने खालीवर धावतो. या धावपळीचे हादरे मुठींतून बोटांत आणि पायपट्ट्यांतून पोटऱ्यांत शिरत. काटा सत्तरच्या पुढे गेला की आरशातला ट्रक विरघळून जाई आणि तेथे नुसता एक थरथरता रंग उरे. तिची पट्टी पासष्टची, हे आम्हांला त्या आरशानेच शिकविले. पुढे आम्ही त्याच कारखान्याची, २०२० नंतरच्या नव्या इंजिनाची गाडी घेतली. तिच्यात बॅलन्सर नावाचा एक दांडा उलट हादरे देऊन मूळचे हादरे शमवीत असतो. अश्वशक्ती अठरावरून जेमतेम वीसवर गेलेली. पण सुखाची चाल मात्र पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आली. स्वस्थता ही बळावर नव्हे, तोलावर अवलंबून असते, असे त्यावरून आम्ही समजतो.

यंत्र निमूट झाले तरी वारा निमूट होत नाही. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ८० वरून १०० वर जाताना वेग फक्त सव्वापट होतो. पण छातीवरचा रेटा दीडपटीहून अधिक होतो आणि वाऱ्याशी झुंजण्यास शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. मग वीस अश्वशक्तीच्या गाडीपाशी हातचे असे फारसे उरत नाही. चढ आला, किंवा उसाने लादलेला ट्रॅक्टर ओलांडावयाचा झाला, तर जादा जोर आणावयाचा कोठून? अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची तरतूद राखून ठेवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगावयास नको.

मागे बसणाऱ्याचाही एक वेग असतो. आमच्या सौभाग्यवती पंचाहत्तरच्या चालीत खांद्यावर टिचकी मारून काही ना काही दाखवीत असतात : फुललेला पळस, कुठला तरी बाजार, म्हशीच्या पाठीवर बसलेला पोरगा. काटा ऐंशीपाशी रेंगाळू लागला की टिचक्या थांबतात आणि खांद्यावरचा हात जड होतो. अशा वेळी मुक्कामी पोचल्यावर "वाटेत काय पाहिलेस?" असे विचारले, तर "तुमची पाठ," असे उत्तर येते. वेग मोजण्याचे याहून चोख साधन अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

२०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारगाडीला १०० आणि मोटारसायकलीला ८० अशी कमाल मर्यादा ठरविली, तेव्हा आमच्या स्नेह्यांपैकी काहींना हा दुचाकीचा अपमान वाटला. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक दर सेकंदाला ताशी साडेएकवीस किलोमीटर इतका वेग उतरवितात असे धरा. ८० ने जाणारा ६३ मीटरांत थांबतो, १०० ने जाणाऱ्यास ९२ मीटर लागतात. आणि खरी गोष्ट पुढेच आहे : ज्या ठिकाणी पहिला पाय टेकून उभा राहतो, त्या ठिकाणी दुसरा अजून ताशी ६७ किलोमीटरने चाललेला असतो. कागदावरच्या वीस किलोमीटरांच्या फरकाचे मोल आपटण्याच्या जागी असे सदुसष्ट होते.

या हिशेबाची कसोटी एकदा लागली. मध्यरात्री धाकट्या भावाचा फोन आला, वडिलांना रुग्णालयात हलविले होते. रात्रीची आगगाडी निघून गेली होती. पहाटे आम्ही एकटेच निघालो. त्या दिवशी मूठ हाताला ऐकत नव्हती. वेग वाढविला तर फार तर पाऊण तास वाचेल, हे आम्ही स्वतःला मोठ्याने बजावीत होतो. इटारसीच्या पुढे एका वळणाआड, मागचा दिवा नसलेला एक ट्रक रस्त्यातच मोडून उभा होता. चालकाने दगड आणि झाडाच्या फांद्या मांडून ठेवल्या होत्या. थांबावयास जागा पुरली. दुपारपूर्वी आम्ही वडिलांच्या खाटेपाशी होतो. त्यांनी डोळे उघडून "जेवलास का?" एवढेच विचारले. त्यानंतर ते अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत त्या न वाचविलेल्या पाऊण तासाची आठवण आम्हांला एकदाही झाली नाही. त्या ट्रकची मात्र रोज होई.

ही चाल एकदा ठरवून भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. पावसात ती उतरते, तिन्हीसांजेला उतरते, झोप अपुरी झाली असता उतरते. वयाबरोबर तर उतरतेच, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. निघताना घरची माणसे दारात उभी राहून "सावकाश जा" म्हणतात. आपण तो शब्द 'हळू' या अर्थाने घेतो आणि मनातल्या मनात हसून किल्ली फिरवितो. पण सावकाश म्हणजे स-अवकाश : अवकाश राखून. पुढच्या चाकासमोर थांबण्यापुरती मोकळी जागा असावी, इंजिनात चढापुरता जोर शिल्लक असावा, आणि खांद्यावर टिचकी पडली तर मान वळविण्याइतकी मनाला सवड असावी. हे तिन्ही अवकाश ज्या आकड्यावर जमतात, तोच त्या दिवसाचा वेग. आमच्या गाडीवर तो बहुधा पंचाहत्तर असतो. आपला आपण शोधावा.