राख नदीला, दगड गावाला

आमच्या मूल-सावलीकडच्या गावांत कुणी गेले की राख कुठे न्यायची हा प्रश्नच पडत नाही. मार्कंड्याला. हातात पैसा असलेले कधी प्रयागला, कधी नाशिकला जातात. बाकीच्यांची काशी हीच. वैनगंगा एरवी दक्षिणेकडे वाहते. चामोर्शी तालुक्यातल्या या गावापाशी मात्र ती वळसा घेऊन उत्तरेला जाते. उत्तरवाहिनी नदीत शिरवलेली राख वाया जात नाही, एवढे कारण लोकांना पुरते. बाबा गेले तेव्हा आम्हीही दुसरे काही मनात आणले नाही.

धान चुरून झाले होते, त्यामुळे गावात माणसे मोकळी होती. लाकडे कुणी आणली, तिरडी कुणी बांधली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. घरच्यांनी हात लावायचा नसतोच. ते काम शेजाऱ्यांचे. तिसऱ्या दिवशी राख सावडली, फुले मडक्यात घातली, मडक्याला पांढरे फडके बांधले आणि भाऊ, चुलते, मामा, दोन गाड्या भरून निघालो. हरणघाटाचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. पुलावर गाडी थोडी हळू करून चुलत्यांनी नदीत नाणे टाकले.

मार्कंड्याचे देऊळ मी लहानपणी जत्रेत पाहिलेले. महाशिवरात्रीला तिथे इतकी गर्दी असते की भिंतीवरची एकही मूर्ती धड दिसत नाही. त्या दिवशी आवार रिकामे होते. एका दगडात एक बसवलेल्या देवदेवता, सुरसुंदरी आणि वाकलेले सेवक, सगळे उन्हात उभे होते. अलेक्झांडर कनिंगहॅमने 1873-74 च्या दौऱ्यानंतर या मंदिरसमूहाचे वर्णन लिहून ठेवले. वीज पडून मुख्य देवळाचे शिखर त्याच्याही आधी ढासळले होते. लोक याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. खजुराहोला कुणी बापाची राख घेऊन जात नाही.

घाटावर ब्राह्मणाने पिंड मांडले, न्हाव्याने आमची डोकी केली. नदी पार खाली गेली होती. रेतीतून बरेच चालल्यावर पाणी लागले. एका म्हाताऱ्या ढिवराने डोंगा आणला. मडके माझ्या मांडीवर होते. त्याने विचारले, ‘‘बाप होय का गा?’’ मी हो म्हटले. मग तो देवळाकडे हात करून म्हणाला, ‘‘इथं त्या पोरानं यमाले वापस लावला. आन् लोक इथंच राख घेऊन येतेत.’’ सोळा वर्षांचे आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यम हात हलवत परत गेला, ती गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. पण त्या ढिवराने तिच्यातला विरोधाभास माझ्याआधी ओळखला होता. रोज मडकी नेणाऱ्या माणसाला विचार करायला वेळ मिळत असावा.

मडके पाण्यात उलटे केले. राख थोडा वेळ पांढरट दिसली, मग पाण्याला मिळाली. वैनगंगा पुढे चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, तिथून तिचे नाव प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीत जाते. म्हणजे बाबा आता आंध्रात उतरून समुद्राला लागणार, असे मामा म्हणाले. आयुष्यात चंद्रपूरच्या पलीकडे क्वचित गेलेल्या माणसाबद्दल.

तेरवीला वडे, कढी, सुवारी, खीर असे सगळे झाले. कर्ज काढून गाव जेवू घालायची रीत आमच्याकडे बरीच कमी झाली, त्याचे श्रेय मी तुकडोजी महाराजांना देतो. ‘ग्रामगीते’त अंत्यसंस्कारावर वेगळा अध्याय आहे. तो वाचलेले आणि न वाचलेलेही आता पंगत आवरती घेतात. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची माणसे खंजेरी घेऊन आली. सामुदायिक प्रार्थना झाली. दोघातिघांनी बाबांबद्दल सांगितले. त्यातले एक असे की दुष्काळात त्यांनी बियाण्याचे धान वाटून दिले होते. ते आम्हाला घरात कधी कळले नव्हते.

सगळे पाहुणे गेल्यावर आईने विचारले, ‘‘तुमच्या बाबाले भेटाले मी कुठी जाऊ?’’

मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. आमच्याकडे बाया मोक्षधामात जात नाहीत. मार्कंड्यालाही आई आली नव्हती. तिने बाबांना अंगणातून उचलून नेताना पाहिले, तेवढेच. त्यानंतर तिच्यापुढे आला तो भिंतीवरचा हार घातलेला फोटो, आणि तोही आधारकार्डाच्या फोटोवरून मोठा केलेला, ज्यात बाबा कुणालाच बाबांसारखे दिसत नाहीत.

माझ्या शाळेत भामरागडकडचे एक माडिया शिक्षक आहेत. त्यांच्याकडे वडिलांच्या नावाने दगड उभा केला तेव्हा मी गेलो होतो. गावाबाहेर साजाच्या झाडांखाली उभे दगड होते, काही कमरेएवढे, काही गुडघ्याएवढे, कशावरही नाव नाही. कुठला कुणाचा ते त्या घरच्या माणसांना माहीत. भाऊबंदांनी दगड डोंगरातून खांद्यावर आणला. ढोल वाजत होता, मोहाची होती, बायका रडत होत्या आणि मधूनच हसतही होत्या. मेलेल्याच्या वापरातले गंज, त्याचा शर्ट तिथेच ठेवला. गुरुजींची आई दगडापाशी बसून त्याच्याशी बोलत होती. काय बोलते, असे मी विचारले. ‘‘भांडतेय,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘बैल विकून टाकल्याबद्दल.’’

हे काही माडियांचेच वेड नाही. चिमूर तालुक्यात हिरापूरला मोठाल्या शिळा उभ्या करून वर आडवी शिळा ठेवलेली रचना आजही आहे. नागपूरजवळ जुनापाणी आणि माहुरझरीला दगडांची वर्तुळे आहेत. त्यांच्या पोटात लोखंडाची हत्यारे, मातीची भांडी आणि माहुरझरीला तर दागिन्यांसह पुरलेला घोडाही सापडला. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे ते लोक कोणती भाषा बोलत, हे कुणाला सांगता येत नाही; पण आपला माणूस इथे आहे, हे त्यांनी दगडाने सांगून ठेवले. चंद्रपुरात अचलेश्वर दरवाजापाशी राणी हिराईने नवरा बीरशहा याची समाधी बांधली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. राणी होती म्हणून घुमट उभारता आला. भामरागडच्या म्हातारीला साधा दगड पुरला. दोघींनाही जायला जागा मिळाली. माझ्या आईला मिळाली नव्हती.

याचा अर्थ जाळणे वाईट नि पुरणे चांगले, असे मला म्हणायचे नाही. त्या वादात पडायची माझी इच्छा नाही, आणि गावात जमीन कुणाला किती आहे हेही माहीत आहे. माझे म्हणणे एवढेच की आमच्या रिवाजात मेलेल्याची सगळी सोय होते: पाणी, पिंड, कावळ्याचा घास, उत्तरवाहिनी नदी. मागे राहिलेल्या बाईची सोय कुणी पाहिलेली नाही. अग्नी पुरुषाने द्यायचा, राख पुरुषांनी न्यायची, डोंग्यात पुरुषांनी बसायचे. तिने घरी पाणी तापवून ठेवायचे.

चिता रचली होती त्या जागेची माती धाकट्या भावाने पुढे पावसाळ्याआधी टोपलीभर आणली. आमच्या बांधीच्या कोपऱ्यात, जिथे बाबा दुपारी शिदोरी सोडायचे, तिथे खड्डा करून ती घातली आणि वर आंबा लावला. शेजारी नदीतला एक लांबट गोटा उभा केला. चुलते रागावले. राख झाली की मागे काही ठेवायचे नसते, जीव अडकतो, असे ते म्हणाले. त्यांचा राग खरा आहे, ते भावासाठी म्हणतात. पण आई रोवणीच्या दिवसांत तिथे जाऊन बसते, रोवणाऱ्या बायांना बाबांच्या गोष्टी सांगते, आणि रोवणीची मजुरी किती झाली हे त्या गोट्याला ऐकवते.

स्वतःच्या बाबतीत तिने आताच सांगून ठेवले आहे: चिमूटभर मार्कंड्याला, बाकी सगळी बांधीत, आणि मार्कंड्याला सुनांना, मुलींनाही न्यायचे. भाऊबंदांना हे अजून पटलेले नाही. आम्ही तसेच करणार आहोत.