दोन दिवसांचा पैरा

आषाढाच्या तोंडाला आमच्या पन्हाळा तालुक्यात दोन गोष्टी एकदमच येतात. एक भाताची रोपलावण आणि दुसरी पावनखिंडीची मोहीम. कोल्हापूरच्या पोरांना यातली दुसरीच ठाऊक. जुलै लागला, की पाठीला पिशव्या बांधून ती पन्हाळ्यावर जमतात आणि मसाई पठार, कुंभारवाडी, करपेवाडी, पांढरपाणी करत दुसऱ्या दिवशी खिंडीत पोचतात. ५० किलोमीटरच्या आसपास वाट, आणि सगळी पावसातली. गावाला मात्र त्या दिवसांत मान वर करायला सवड नसते. तरवा वाढून उभा असतो. लावण लांबली, की रोप जून होतं आणि जून रोपाला फुटवे कमी येतात.

माझी बारावी झाली त्या साली मला मोहिमेला जायचंच होतं. १२ जुलै १६६० ची ती रात्र शाळेत सगळ्यांनीच वाचलेली. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला. चार महिने लोटले, वरून पावसाची झोड. त्यातून शिवाजी महाराज निसटले आणि विशाळगडाकडं निघाले. त्यांच्यासारखा वेश करून शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला आणि जिवाला मुकला. तो गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा, म्हणजे आमच्याच शिवारातला माणूस. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल उभे राहिले, म्हणून घोडखिंडीची पावनखिंड झाली.

रात्री जेवताना आबांपुढं विषय काढला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "जा की. पर तुझी दोन दिसाची लावण काय पाऊस करणार हाय?"

आमच्याकडं लावण पैऱ्यानं चालते. आज तुमची चार माणसं माझ्या रानात, उद्या माझी चार तुमच्या रानात. मजुरी नाही, पण हिशेब चोख. घरातला एक गडी दोन दिवस गेला, तर तेवढा पैरा अंगावर राहतो, आणि पावसाळ्यात अंगावर राहिलेला पैरा गाव विसरत नाही. आबांनी वाट सांगितली. थोरल्या चुलत्याच्या रानाला विहिरीचं पाणी, त्यांची लावण सगळ्यांच्या आधी. तिथं एक दिवस आगाऊ भरायचा. दुसरा दिवस शेजारच्या घराचा, तो परत आल्यावर.

मोहिमेची माझी तयारी अशी चुलत्याच्या चिखलात सुरू झाली. दिवसभर कमरेत वाकून, पिंढरीएवढ्या गाळात मागं मागं सरकायचं. संध्याकाळी बांधावर आलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. आण्णा, म्हणजे तेच चुलते, बिडी पेटवत म्हणाले, "हे जमलं न्हवं? मग डोंगर काय न्हाई. डोंगरात निदान उभं राहून चालायचं असतंय."

पेठेतल्या माझ्या वर्गमित्रानं कागदावर यादी लिहून पाठवली होती. बॅटरी, शिट्टी, रेनकोट, ग्लुकोज, जादा मोजे, पट्टीचं बंडल. बॅटरी तेवढी घरात होती. रेनकोटाच्या जागी खताच्या पोत्यातला प्लॅस्टिकचा कागद आला, त्यातच कपडे गुंडाळायचे ठरलं. आईनं दुधात कणीक मळून दशम्या केल्या, त्या दोन दिवस टिकतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भाजके शेंगदाणे. चिव्याची काठी आबांनी स्वतः तोडून, तासून दिली.

आजीनं एक पुरचुंडी मिठाची आणि एक बाटली हळद घातलेल्या खोबरेल तेलाची पुढं सरकवली. "मीठ जळवांना. ओढून काढू नगंस, नुसतं मीठ लाव, आपली सुटती. आनि रातच्याला पाय पुसून बोटांच्या बेचक्यात ह्ये त्याल घाल. चिखल्या झाल्या तर दुसऱ्या दिशी पाऊल टाकवायचं न्हाई." रोपलावणीत जन्म गेलेल्या बाईला ओल्या पायाचं दुखणं कुणी शिकवायला नको.

निघायच्या आदल्या रात्री आण्णा आले. तरुणपणी त्यांनी मसाई पठारावर गुरं राखली होती. म्हणाले, "पठारावर धुकं बसलं की हाताचं बोट दिसत न्हाई. तवा वाट डोळ्यानं बघाय जाऊ नगंस, पायानं बग. वाट टणक लागती, गवत मऊ लागतंय. मऊ लागलं की थांबायचं आनि हाळी द्यायची."

पठारावर झालंही तसंच. वारा अंगावरचा कागद फाडत होता आणि पुढचा माणूस दिसत नव्हता. मी काठीनं आणि पायानं चाचपत चाललो. एकदा पायाखाली मऊ लागलं, तसा थांबून हाळी दिली. उजवीकडून शिट्टी आली आणि रांग सापडली. करपेवाडीत रात्री तेलाची बाटली काढली, तर निम्मी पेठेतल्या पोरांनीच संपवली.

दुसऱ्या दिवशी पांढरपाण्याच्या अलीकडं बायका इरली घेऊन लावणीत वाकल्या होत्या. आमची रांग बघून एक म्हातारी कमरेवर हात देऊन उभी राहिली. "कुठली रं पोरं?" मी गाव सांगितलं. म्हणाली, "मग लावण सोडून कसा आलास बाबा?" मी म्हणालो, "एक दिस भरून आलोय, एक गेल्यावर भरणार." ती हसली आणि पुन्हा वाकली.

त्या म्हाताऱ्या बाईचा प्रश्न खिंडीपर्यंत माझ्याबरोबर चालला. बांदल हिरडस मावळचे. तोही भाताचाच मुलूख. १६६० च्या त्या आषाढात त्यांच्या रानातही तरवा उभाच असणार. मार्चपासून गडावर अडकलेल्या त्या माणसांच्या घरची लावण कुणी केली असेल? कुणाच्या पैऱ्यावर? आणि खिंडीतून जे परत गेलेच नाहीत, त्यांचा पैरा कुणी फेडला? पुस्तकात पालख्या आहेत, तोफा आहेत, तलवारी आहेत. घरी राहून दुप्पट वाकलेल्या बायांची नोंद नाही. खिंडीत सगळ्यांनी घोषणा दिल्या, मीही दिल्या, पण डोळ्यांपुढं आजीची मिठाची पुरचुंडी होती.

रात्री उशिरा घरी पोचलो. सकाळी उठवत नव्हतं. आबा काही बोलले नाहीत, त्यांनी दारात नुसतं पोत्याचं घोंगतं आणून ठेवलं. शेजारच्या रानात चिखल तयार होता. एक दिवस राहिला होता, तो भरायला गेलो.