आजोबांचा तंबोरा

आमच्या माजघरांत एक तंबोरा आहे. माझ्या आजोबांनीं तरुणपणीं, पहिल्या नोकरीच्या पगारांतून थोडे थोडे पैसे सांठवून, तो मिरजेहून आणिला. ते कांहीं मोठे गवई नव्हेत. परंतु सायंकाळीं दिवा लागला कीं तंबोरा लावून दोन अभंग म्हणावयाचे, हा त्यांचा नेम कधीं चुकला नाहीं. मी मात्र घरांत 'बेसूर' म्हणून प्रसिद्ध. भजनांत मी तोंड उघडण्यापूर्वींच माझ्या हातीं टाळ देण्यांत येत असत.

गेल्या वर्षीं आषाढी एकादशीस आमच्या घरीं भजन होतें. आजोबांनीं तंबोरा लाविला, पण पेटी वाजविणारे गृहस्थ क्षणभर थांबून हळूच म्हणाले, "अण्णा, जोडी किंचित् उतरली आहे." आजोबांनीं पुनः पुनः कान लावून पाहिला. त्यांस चूक ऐकूंच येईना. वयोमानानें बारीक व उंच नाद त्यांच्या कानांस पारखे झाले होते, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. भजन संपल्यावर त्यांनीं तंबोऱ्यावर गवसणी चढविली व तो कोपऱ्यांत उभा केला. पुढें चार महिने दिवा लागे, पण अभंग ऐकूं येत नसे. आईनें एकदां विषय काढिला, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "खोट्या सुरावर देवाचें नांव कसें घ्यावें?"

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एके दिवशीं विज्ञानाच्या सरांनीं वर्गांत दोन नादकांटे आणिले. दोहोंचीही आंदोलनसंख्या सेकंदास २५६. ते एकदम वाजविले तेव्हां एकच सरळ नाद ऐकूं आला. मग सरांनीं एकाच्या टोकास थोडेंसें मेण लाविलें. आतां नाद लाटेप्रमाणें चढूं-उतरूं लागला. मजकडे घड्याळ देऊन सर म्हणाले, "हे ठोके मोज पाहूं." दहा सेकंदांत वीस ठोके झाले. "म्हणजे सेकंदास दोन. मेणाच्या भारानें ह्याचीं आंदोलनें २५४ झालीं. दोन लाटा एकमेकींस साथ देतात तेव्हां नाद वाढतो. एकमेकींस विरोध करितात तेव्हां तो मंदावतो. जितका फरक तितके ठोके. फरक मिटला कीं ठोकेही मिटले."

"पण सर, मला सुराचें ज्ञान नाहीं," मी म्हणालों. तेव्हां सरांनीं फ्रान्समधील जोझेफ सोव्हर (१६५३–१७१६) ह्या शास्त्रज्ञाची हकीकत सांगितली. त्याची वाचा व कान दोन्ही अधू. सूर पारखावयास त्याला दुसऱ्यांच्या कानांचें साह्य घ्यावें लागे. तरी १७०० च्या सुमारास त्यानें ऑर्गनच्या दोन नळ्यांच्या ठोक्यांवरून त्यांची आंदोलनसंख्या काढिली. नळ्यांच्या सुरांचें प्रमाण २४ : २५ आणि ठोके सेकंदास चार. प्रमाणांतील एका भागाचा फरक म्हणजे चार आंदोलनें. म्हणून एक नळी ९६ ची व दुसरी १०० ची. उसन्या कानांनीं मिळविलेलें हें ज्ञान ऐकून माझ्या डोळ्यांपुढें एकदम गवसणींतला तंबोरा उभा राहिला.

त्याच सायंकाळीं मीं गवसणी काढिली. "हें कशाला रे?" आजोबांनीं विचारिलें. मी म्हणालों, "आजोबा, तारा तुम्ही लावा, ठोके मी मोजतों."

ते हंसले, पण बसले. त्यांनीं जोडीच्या दोन्ही तारा छेडिल्या. प्रत्येक ठोक्यास मी बोट हालवीत होतों. त्यांनीं खुंटी पिळली, बोट मंदावलें. मग ते मणी सरकवूं लागले. शेवटीं त्यांस नाद स्थिर वाटला, पण माझें बोट थांबेना. कारण तार मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, सहापट आंदोलनांचे सूरही देते. मूळ सुरांत अर्ध्या आंदोलनाचा फरक राहिला, तर तेथें दोन सेकंदांत एक ठोका. पण सहापट सुरांत तोच फरक सेकंदास तीन ठोके देतो. आजोबांची चूक ह्या उंच सुरांत लपली होती. मणी केसभर सरकला आणि माझें बोट थांबलें.

पंचमाचेंही तसेंच. षड्ज १४० आंदोलनांचा धरिला, तर खालचा पंचम १०५ चा. पंचमाचा चौपट सूर ४२० आणि षड्जाचा तिप्पट सूरही ४२०. तेथील ठोके मिटले कीं पंचम मिळाला.

सर्व तारा लागल्यावर आजोबांनीं भोपळ्यावर तळहात ठेविला व कांहीं वेळ डोळे मिटून ते तसेच बसले. "लागला," ते म्हणाले. त्या दिवशीं त्यांनीं दोनांऐवजीं तीन अभंग म्हटले. स्वयंपाकघरांतून आई दाराशीं येऊन उभी राहिली होती.

आतां रोज दिवा लागला कीं आम्ही दोघे तंबोऱ्यापाशीं बसतों. मी अजून बेसूरच आहें, आणि गाणें सुरू झालें कीं टाळ माझ्याच हातीं येतात. परंतु कोणता सूर लावावयाचा हें त्यांस ठाऊक, आणि तो लागला कीं नाहीं हें मला. दोघांचें मिळून काम निभतें. त्यांचें ऐकणें पुढें आणखी कमी होईल, असें डॉक्टर म्हणतात. होवो. त्यांचा हात भोपळ्यावर आणि दृष्टि माझ्या बोटावर असेल, तोंवर हा तंबोरा गवसणींत जाणार नाहीं.